सवय सुटत का नाही: वाचकांची पत्रं आणि उत्तरं

मागच्या अंकात आपण विचारलं होतं की तुमची रोजची अशी कुठली सवय आहे जी तुम्हाला पुढे जाऊ देत नाहीये, आणि पत्रं इतकी आली की सगळी छापणं शक्यच नाही. वाचताना एक गोष्ट फार टोचली, जवळजवळ प्रत्येकाने सुरुवातीलाच स्वतःला शिव्या घातल्यात. मी आळशी आहे, माझ्यात जिद्दच नाही, माझ्याकडून काही होणार नाही वगैरे. कृपा करून हे थांबवा. सवय ठराविक वेळी, ठराविक जागी, काहीतरी हाताशी असलं की आपोआप होते, आणि ती वेळ, ती जागा थोडी बदलली की सवयही हलते, हे मी मनापासून मानते. खालची उत्तरं त्याच विचाराने दिलीयेत. नावं अर्थातच छापलेली नाहीत.

प्रश्न: मॅडम, मी चाकणला एका कंपनीत व्हीएमसी (प्रोग्रामवर चालणारं धातू कापायचं मशीन) ऑपरेटर आहे, आयटीआय झालंय, वय २६. मला सेटर, म्हणजे नवीन कामासाठी मशीन जुळवून देणारा, व्हायचंय आणि पुढे प्रोग्रामिंग शिकायचंय, पगारात चांगला फरक पडतो. पण रूमवर आलो की आडवा होतो, मोबाईल हातात घेतो आणि दोन-अडीच तास रील्समध्ये कुठे जातात कळत नाही. २१ दिवस केलं की सवय लागते असं ऐकून रोज संध्याकाळी ५ ते ६ अभ्यास असं ठरवून दोनदा सुरू केलं, दोन्ही वेळा दुसऱ्या आठवड्यात बंद पडलं. आमची शिफ्ट दर आठवड्याला बदलते, पण बाकीची पोरं करतातच ना. माझ्यात विलपॉवर नाही असं समजायचं का?

उत्तर: नाही, तसं अजिबात समजू नका. तुमचंच पत्र परत एकदा वाचा. पहिल्या आठवड्यात फर्स्ट शिफ्ट असेल, ५ वाजता तुम्ही रूमवर होता, जमलं. दुसऱ्या आठवड्यात सेकंड लागली आणि ५ वाजता तुम्ही मशीनसमोर उभे, मग ५ ते ६ अभ्यास होणार कसा? घड्याळाला बांधलेली सवय बदलत्या शिफ्टमध्ये टिकत नाही, विलपॉवर कितीही असू दे.

आणि ते २१ दिवसांचं आधी डोक्यातून काढून टाका. हा आकडा मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या १९६० च्या लिखाणातून आलाय. ऑपरेशननंतर पेशंटला स्वतःच्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला कमीत कमी २१ दिवस लागतात असं त्यांना दिसलं होतं, पुढे त्यातलं 'कमीत कमी' गळून पडलं आणि तो आकडा व्यायामापासून अभ्यासापर्यंत सगळ्याला चिकटवला गेला. याची नीट तपासणी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. ९६ जणांनी रोज करायची एकेक छोटी गोष्ट निवडली, म्हणजे दुपारच्या जेवणासोबत फळ खायचं असं काहीतरी, आणि १२ आठवडे नोंदी ठेवल्या. ती गोष्ट न ठरवता आपोआप व्हायला लागेपर्यंत कुणाला १८ दिवस लागतील तर कुणाला २५४, असा अंदाज त्या नोंदींवरून निघाला, मधला आकडा ६६. मधे एखादा दिवस चुकला तरी फारसं काही बिघडलं नाही हेही त्यात दिसलं. म्हणजे तुम्ही सोडून दिलंत तेव्हा तुमचं काही फसलेलं नव्हतंच, तुम्ही अजून वाटेवरच होता.

त्या लोकांनी आपली गोष्ट रोज घडणाऱ्या कशाला तरी जोडली होती. तुमच्या तिन्ही शिफ्टमध्ये सारखं घडणारं काय आहे? कंपनीच्या बसमध्ये बसणं, जेवणाची सुट्टी, शिफ्ट संपल्यावर हात धुणं. यातलं एक पकडा. मी तुमच्या जागी असते तर जेवणाची सुट्टी पकडली असती. खिशात छोटी डायरी ठेवायची, जेवून झालं की आज चाललेल्या प्रोग्राममधला एकच कोड डायरीत लिहायचा आणि तो काय करतो ते आपल्या शब्दांत लिहायचं. जी००ला टूल नुसता वेगात सरकतो, जी०१ला दिलेल्या फीडने, म्हणजे ठरवलेल्या वेगाने, कापत जातो, जी५४ म्हणजे जॉबचं, कापायच्या तुकड्याचं, शून्य कुठे धरलंय ते, असं. पाच मिनिटं पुरतात. (कंपनीचं ड्रॉइंग किंवा अख्खा प्रोग्राम उतरवून घेऊ नका बरं का, नोकरीवर येईल.) जे कळलं नाही ते बसमध्ये बसल्यावर मोबाईलवर शोधा, मग तोच मोबाईल तुमच्या कामाला येतो. आणि जॉब बदलताना सेटर ऑफसेट (टूल आणि जॉबची मापं) घेत असतो तेव्हा "सर, थांबू का बघायला?" असं विचारा. सगळेच हो म्हणणार नाहीत, एक जण म्हणेल.

रील्सचं म्हणाल तर आठ तास उभं राहून आलेल्या माणसाला आडवं व्हावंसं वाटणं अगदी बरोबर आहे, त्याबद्दल स्वतःला बोल लावू नका. फक्त चार्जर गादीजवळ ठेवू नका, खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या पॉइंटला लावा म्हणजे बघायचं तर उभं राहून बघावं लागेल, बघा किती वेळ बघावंसं वाटतं ते. नाईटच्या आठवड्यात मात्र डायरी सोडून दुसरं काही अंगावर घेऊ नका, त्या आठवड्यात झोप पहिली. पहाटे ४ ला उठा म्हणजे आयुष्य बदलेल असं सांगणारे व्हिडिओ तुमच्यासाठी नाहीतच, सकाळी ६ ला कंपनीतून सुटणाऱ्या माणसाला ते सांगणं म्हणजे अन्याय आहे.

प्रश्न: ताई, मी लातूर जिल्ह्यातली, चार वर्षं झाली पुण्यात सदाशिव पेठेत राहून एमपीएससी करतेय. सकाळी ८ ला अभ्यासिकेत जाते ते रात्री १० पर्यंत. राज्यसेवेची प्री दोनदा निघाली, मेन्सला राहिले. मी खूप वाचते, नोट्सच्या पण नोट्स काढते, टॉपर लोकांचे स्ट्रॅटेजीचे व्हिडिओ बघते, पाच-सहा टेलिग्राम ग्रुपला आहे. पण पेपर लिहायला घ्यायचं म्हटलं की पोटात गोळा येतो. टेस्ट सिरीजचे पैसे भरलेत आणि एकही पेपर पूर्ण लिहिलेला नाही. "अजून एकदा रिव्हिजन होऊ दे मग लिहू" असं करत राहते. घरी बाबा फक्त एवढंच विचारतात, जेवलीस का, आणि मला रडू येतं.

उत्तर: तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि मला आधी हेच सांगावंसं वाटलं की रोज १४ तास अभ्यासिकेत बसणारी मुलगी आळशी असूच शकत नाही. तुझी सवय वेगळीच आहे. ज्या कामात आपण कुठे कमी पडतो ते दिसेल ते काम लांबवायचं आणि जे करताना छान वाटतं ते करत राहायचं. वाचन करताना छान वाटतं, हायलाइट केलं की अजून छान वाटतं, स्ट्रॅटेजीचा व्हिडिओ बघितला की तर आपण निम्मे पोचलोच असं वाटतं. टिमोथी पिचिल आणि फुशिया सिरवा हे दोघं चालढकल या विषयाचे जुने अभ्यासक आहेत, त्यांनी २०१३ मध्ये हेच मांडलं की चालढकल करणारा माणूस मुख्यतः त्या क्षणाची वाईट भावना टाळत असतो. पेपर समोर आला की भीती वाटते, पेपर बाजूला ठेवला की लगेच बरं वाटतं, आणि हे लगेच मिळणारं बरं वाटणंच सवय पक्की करतं.

आता वाचण्याबद्दल. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीत रोडिगर आणि कार्पिकी या दोघांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा परत परत वाचला, आणि दुसऱ्या गटाने थोडंच वाचून मग न बघता आठवून लिहिलं, तीनदा. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणाऱ्यांचा गट पुढे होता. आठवड्याने विचारलं तर वाचणाऱ्यांना साधारण ४० टक्के आठवलं आणि लिहिणाऱ्यांना ६१ टक्के! आणि वाईट भाग असा की आपल्या लक्षात राहील याची खात्री वाचणाऱ्यांनाच जास्त होती. तुला अभ्यासिकेतून बाहेर पडताना जे वाटतं की आज चांगला झाला अभ्यास, ते हेच आहे.

आधी मेन्स पर्यायांची होती तेव्हा वाचनावर थोडंफार निभावून जायचं, समोर चार पर्याय असले की ओळखता तरी येतं. २०२५ पासून राज्यसेवेची मेन्स वर्णनात्मक झाली, आता कोऱ्या पानावर स्वतः लिहायचंय. हा बदल आयोगाने २०२२ मध्ये जाहीर केला आणि पुण्यात मुलांनी आंदोलन केल्यावर तो २०२५ वर ढकलला, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहितीये, तू तिथेच होतीस. मग आता न लिहिता कसं चालेल, सांग.

पण उद्यापासून रोज तीन तासांचा पेपर लिही असं मी म्हणणार नाही, तू दोन दिवसांत सोडून देशील आणि परत स्वतःला बोलशील. सकाळी अभ्यासिकेत तुझ्या जागेवर बसलीस की पुस्तक उघडायच्या आधी एक कोरा कागद घे आणि काल जे वाचलंस त्यावर एका प्रश्नाचं उत्तर लिही, दहा मिनिटं, पुस्तक बंद ठेवून. घाणेरडं लिही, अर्धं लिही, मुद्दे आठवले नाहीत तर जागा सोड. मग पुस्तक उघड आणि राहिलेलं लाल पेनाने भर. पहिले काही दिवस कागद लालेलाल होईल आणि तुला रडू येईल, तरी तो कागद फाडू नकोस, तारीख टाकून फाईलला लाव. असे दोन-तीन आठवडे गेले की मग टेस्ट सिरीजचा एक पेपर अर्धा लिही, मग पूर्ण. शेजारच्या टेबलवरच्या एखाद्या मैत्रिणीशी कागदांची अदलाबदल करता आली तर फार उत्तम, दुसऱ्याचं उत्तर तपासताना आपल्या चुका जास्त कळतात.

टेलिग्रामचे ग्रुप दोन ठेव, बाकी सोड. स्ट्रॅटेजीचे व्हिडिओ पूर्ण बंद, चार वर्षांत तू त्यातलं सगळं ऐकलेलं आहेस.

अजून एक, आणि हे मी काळजीने लिहितेय. या प्रयत्नाला किती वर्षं द्यायची ते तू बाबांशी बोलून ठरव आणि कागदावर लिहून ठेव. प्लॅन बी म्हणजे हार नाही, उलट तो असला की पेपरची भीती कमी होते कारण मग सगळं आयुष्य त्या एका निकालावर टांगलेलं राहत नाही. रडू थांबत नसेल, झोप लागत नसेल, काहीतरी वाईट विचार मनात येत असतील तर १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर आहे, फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं. लाजू नकोस. आणि बाबांनी विचारलं जेवलीस का तर एखाद्या दिवशी त्यांना खरं सांग की बाबा, मला भीती वाटतेय.

प्रश्न: मी ठाण्यात राहतो, वय ५२, डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय. मी दर सोमवारी, दर १ तारखेला, पाडव्याला, वाढदिवसाला सुरू करतो आणि चार दिवसांत बंद. असं किती वेळा सुरू करायचं?

उत्तर: कितीही वेळा, त्यात काही चूक नाही. नवीन आठवडा, नवीन महिना, वाढदिवस अशा दिवसांच्या आसपास माणसं जास्त जोमाने सुरुवात करतात हे अमेरिकेत डाय, मिल्कमन आणि रीस यांच्या २०१४ च्या अभ्यासातही दिसलंय, जिममधल्या हजेरीच्या नोंदी तपासल्या होत्या त्यांनी. तुमचा घोळ सुरुवातीत नाहीये, पाचव्या दिवशी आहे. पाचव्या दिवशी पाऊस आला, पाहुणे आले, चुकलं, की तुम्ही पुढच्या सोमवारची वाट बघता आणि मधले दिवस फुकट जातात. तर नियम एकच करा, आज चुकलं तर उद्या दहा मिनिटं तरी चालायचं, वार कुठलाही असो. स्टेशनवरून घरी येताना रिक्षा एक स्टॉप आधी सोडली तरी ते चालणंच आहे.

प्रश्न: माझा मुलगा बारावी सायन्सला आहे, अहिल्यानगरला क्लास लावलाय, खर्च झेपत नाही तरी लावलाय. तो अभ्यासाला बसतच नाही. युनिट टेस्टला कमी मार्क पडले तेव्हा मी खूप बोलले, त्याच्या मामाने पण बोललं, तर आता तो दार लावून बसतो आणि अजूनच करत नाही. कसं समजवावं? प्रेमाने सांगून ऐकत नाही म्हणून बोलावं लागतं.

उत्तर: ताई, तुमची तळमळ कळते, पोटाला चिमटा काढून क्लास लावलाय आणि पोरगं बसत नाही म्हटल्यावर तोंडातून शब्द जाणारच. पण बोलल्याने काय होतं ते तुमच्याच घरात दिसतंय. कॅनडातल्या कार्लटन युनिव्हर्सिटीत पहिल्या वर्षाच्या मुलांवर एक अभ्यास झाला होता, २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या परीक्षेच्या आधी ज्यांनी अभ्यास टाळला होता त्यांच्यापैकी ज्यांनी स्वतःला त्याबद्दल माफ केलं, झालं ते झालं म्हटलं, त्यांनी दुसऱ्या परीक्षेच्या वेळी कमी टाळाटाळ केली. जे स्वतःला खात बसले ते परत टाळत राहिले. तुमचा मुलगा आत बसून स्वतःला खातोय असं मला वाटतं, आणि त्यात बाहेरून आपण भर घालतोय.

एकदा त्याला स्वच्छ सांगा की त्या टेस्टचा विषय मी संपवला, आता परत काढणार नाही. आणि खरंच काढू नका, मामालाही सांगा. मग दोनेक दिवसांनी एवढंच विचारा, कुठला विषय डोक्यावरून जातोय? बऱ्याचदा पोरं अभ्यास टाळत नसतात, अकरावीचा एखादा धडा कळलेला नसतो आणि पुढचं सगळं त्यावर असतं, ते क्लासमध्ये शंभर पोरांत विचारायची लाज वाटते. तसं निघालं तर क्लासच्या सरांना तुम्ही भेटा, त्याला आठवडाभर अकरावीचं तेवढंच करू द्या, बारावीचं मागे पडलं तरी चालेल. आणि तो बसेल तेव्हा तुम्हीही त्याच खोलीत तुमचं काही काम घेऊन बसा, बघायला म्हणून नाही, सोबत म्हणून.

प्रश्न: नमस्कार ताई. मी सांगली जिल्ह्यातल्या एका गावात राहते, वय ४३. लग्नाआधी बी.ए.चं एक वर्ष झालं होतं, नंतर राहिलं. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात ॲडमिशन घेतली, पुस्तकं पण आली, पण दोनदा परीक्षाच दिली नाही. माझी सवय म्हणजे मला नाही म्हणता येत नाही. जाऊबाईंच्या घरी पाहुणे आले की मी, गल्लीत कुणाच्या पापड-कुरडया असल्या की मी, नणंदेच्या मुलीचं बाळंतपण मी, सगळे म्हणतात वहिनींना सांगा, त्या करतात. मला वाईट वाटत नाही कामाचं, पण पुस्तक तसंच राहतं. मिस्टर म्हणतात तू मनावर घेतलं तर होईल.

उत्तर: वहिनी, तुम्ही मनावर घेतलंयच, नाहीतर ४३ व्या वर्षी कुणी फॉर्म भरत नाही. मिस्टरांना माझा निरोप सांगा की मनावर घ्यायची पाळी आता घरातल्या बाकीच्यांची आहे. केंद्र सरकारने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली होती, त्यात स्वतःच्या घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्या कामात जातात असं निघालं आणि ते करणाऱ्या पुरुषांची ९७. आणि असे पुरुष मुळात चारात एकच. २९९ मिनिटं म्हणजे जवळजवळ पाच तास. तेव्हा हे सगळं तुमच्या एका सवयीवर ढकलणं मला पटत नाही, तुमचं 'हो' सगळ्यांच्या सोयीचं आहे म्हणून ते कुणी सुटू देत नाही.

तरी तुमच्या हातात जे आहे ते सांगते. तुम्हाला एकदम नाही म्हणणं जमणार नाही आणि गावात नात्यात राहताना ते दरवेळी योग्यही नाही. तर 'हो'च्या जागी दुसरं एक वाक्य बसवा, "बघते आणि उद्या सकाळी सांगते." कुणीही काही सांगितलं की आधी हेच वाक्य, सासूबाईंनी सांगितलं तरी. हे आधी घरात मोठ्याने म्हणून बघा, खरंच, तोंडात बसायला पाहिजे. अमुक झालं की मी तमुक करीन असं आधीच ठरवून ठेवलं की ते होण्याची शक्यता खूप वाढते, पीटर गोलवित्झर नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञांनी यावर आयुष्यभर काम केलंय. त्यांच्या एका प्रयोगात मुलांना नाताळच्या सुट्टीत एक छोटा अहवाल लिहायचा होता, कधी आणि कुठे बसून लिहिणार हे ज्यांनी आधी ठरवलं त्यातल्या साधारण तीन-चतुर्थांश मुलांनी वेळेत लिहिला, आणि ज्यांनी नुसतं लिहीन म्हटलं त्यांच्यातल्या एक-तृतीयांशच मुलांनी.

म्हणून कुठे आणि कधी हे तुम्हीही ठरवा, आणि ते घरात शक्यतो ठरवू नका. घरात पुस्तक उघडलं की कुणीतरी हाक मारतंच. अभ्यास केंद्रावर संपर्क सत्रं असतात तिथे जाच, आणि आठवड्यातून एक दुपार गावातलं वाचनालय किंवा शाळेची रिकामी खोली मिळते का बघा, मुख्याध्यापकांना विचारायला काही हरकत नाही. त्या दुपारी जेवण मिस्टरांनी आणि मुलांनी आपापलं वाढून घ्यायचं, स्वयंपाक करून ठेवायचाच असेल तर ठेवा पण वाढायला तुम्ही नसणार.

पहिल्या महिन्यात कुणीतरी नक्की रुसेल. जाऊबाई रुसतील, किंवा कुणी म्हणेल वहिनी आता शिकायला लागल्या. त्यावर भांडायची किंवा खुलासा करायची काही गरज नाही, पुढच्या वेळी पापडाला हौसेने जा आणि नेहमीसारखं हसून बोला, रुसवा जातो. नणंदेच्या मुलीच्या बाळंतपणासारखं मोठं काम आलं तर मात्र करायचं तर कराच, पण तारीख घालून, म्हणजे पंधरा दिवस मी आहे पुढे दुसरं कुणीतरी बघा, असं आधीच सांगून.

आणि परीक्षेचा फॉर्म. दोनदा परीक्षा हुकलीये, त्यामागे फॉर्मची तारीख निघून जाणं असेल तर यावेळी ती केंद्रावरून आजच विचारून घ्या, कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात लिहा आणि मिस्टरांच्या मोबाईलमध्येही रिमाइंडर लावायला सांगा, त्यांनी आठवण करून द्यायची. सगळे पेपर एकदम झेपत नसतील तर निम्मे द्या, राहिलेले पुढच्या वेळी. फॉर्म भरला की दोन ओळी लिहून कळवा, मी वाट बघतेय.